स्पॅनिश 'परदेशी' भाषा नेमकी कोणाला?

शेवटची_लोकल | सोमवार, रात्री १०:५२

गेल्या पावसाळ्यात, वयाच्या ४६ व्या वर्षी, पुण्यात स्पॅनिशचा वर्ग लावला. हौस वगैरे काही नाही. ऑफिसचं निम्मं काम मेक्सिकोतल्या टीमबरोबर चालतं आणि रात्रीच्या कॉलवर ती मंडळी आपापसात काय बोलून हसतात ते कळावं, एवढाच माफक हेतू. तीन महिने क्रियापदं घोकली. 'तुम्ही सगळे' यासाठी पुस्तकात 'बोसोत्रोस' आणि त्याची रूपं सगळी वेगळी. बायको म्हणाली, पोराच्या पाढ्यांपेक्षा तुझाच आवाज मोठा. एके रात्री धीर करून कॉलवर एक वाक्य टाकलं. क्षणभर शांतता आणि मग हशा. पलीकडची बाई डोळे पुसत म्हणाली, हे आमच्याकडे फक्त चर्चमध्ये बायबल वाचताना ऐकू येतं.

म्हणजे कोणी गोरा मराठी शिकून आला आणि टपरीवर "मज एक चहा देववावा" म्हणाला, तसं झालं.

लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात बोसोत्रोस नाहीच, 'उस्तेदेस' म्हणतात. स्पॅनिश मातृभाषा असणाऱ्या दहा जणांत स्पेनचा जेमतेम एक. तरी आमच्या वर्गात पहिला मान त्या एकाच्या बोलीला. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पुस्तक माद्रिदचं, परीक्षाही माद्रिदची. खरंच आहे. 'देले' ही स्पॅनिशची परीक्षा इन्स्तितुतो सेर्वांतेस ही स्पेनची सरकारी संस्था घेते आणि प्रमाणपत्र मिळतं स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावाने.

मग म्हटलं, हे कुठून सुरू झालं ते बघूच. थेट १४९२ ला जाऊन पोचलो. सालामांकाच्या अंतोनियो दे नेब्रिहाने कास्तेयानोचं, म्हणजे स्पॅनिशचंच, पहिलं छापील व्याकरण त्या साली ऑगस्टमध्ये काढलं आणि इसाबेला राणीला अर्पण केलं. प्रस्तावनेतलं त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे: भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण राहिली आहे. राणीने विचारलं म्हणे, मला येणाऱ्या भाषेचं व्याकरण कशाला हवं? उत्तर दिलं आविलाच्या बिशपने: महाराणी परक्या लोकांना आपल्या अमलाखाली आणतील, तेव्हा त्यांना आपले कायदे आणि आपली भाषा शिकावी लागेल, त्यासाठी. आणि या व्याकरणाचा पाचवा भाग खास परभाषकांसाठी आहे. म्हणजे 'परदेशी भाषा म्हणून स्पॅनिश' या विषयाचं पाठ्यपुस्तक पहिल्याच व्याकरणात शिवलेलं होतं. कोलंबसच्या गलबतांसोबत ते अमेरिकेला निघालं, असं म्हणायला हरकत नाही.

शंभरेक वर्षांनी पारडं फिरलं. आता स्पॅनिश शिकत होते ते स्पेनचे शत्रू. इंग्लंडमधलं सुरुवातीचं एक व्याकरण १५८६ चं, ऑक्सफर्डला छापलेलं. लेखक अंतोनियो देल कोर्रो, सेव्हिलजवळच्या मठातून इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) भीतीने पळालेला साधू. तो हाती लागला नाही म्हणून तिकडे त्याचा पुतळा जाळला, आणि हा इकडे इंग्रजांना स्पॅनिश शिकवतोय! दोन वर्षांत आरमाडा, म्हणजे स्पेनचं आरमार, इंग्लंडवर चालून आला. १५९१ ला रिचर्ड पर्सिव्हलचं व्याकरण आणि शब्दकोश निघाला. हा गृहस्थ पकडलेली स्पॅनिश पत्रं उलगडून देण्याबद्दल दरबारात ओळखला जाई. भाषा शिकण्याची इतकी प्रामाणिक कारणं आता कोणी छापत नाही.

माझं वाचन इथवर. पुढचं जाणकारांनी सांगावं.

पिंपळपान | सोमवार, रात्री ११:१५

छान. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.
(टपरीवरचा चहा मिळाला का शेवटी?)

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री ११:४०

लेख आवडला, पण एक दुरुस्ती. नेब्रिहा आणि कोलंबसची गाठ सगळेच मारतात, कारण साल एकच. तारखा बघा. कोलंबस पालोसहून निघाला ३ ऑगस्टला, व्याकरण छापून झालं १८ ऑगस्टला आणि कोलंबसला जमीन दिसली १२ ऑक्टोबरला. नेब्रिहाच्या पुस्तकाला अमेरिका ठाऊकच नव्हती. 'साम्राज्य' म्हणताना त्याच्यासमोर होता त्याच जानेवारीत पडलेला ग्रानादा, स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य. शिकणारे म्हणून तो नावं घेतो ती बास्क, नवारेचे, फ्रेंच, इटालियन यांची. शिवाय हे पुस्तक पुढची अडीचशे वर्षं पुन्हा छापलंही गेलं नाही. साम्राज्याने सोबतीणीला घरीच ठेवलं म्हणायचं.

अमेरिकेत झालं ते उलटंच. मिशनरी स्वतःच नाहुआत्ल आणि केचुआ या तिथल्या भाषा शिकले, कारण धर्म पटकन पोचवायचा होता. १५७० मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने न्यू स्पेनमधल्या (आजच्या मेक्सिकोतल्या) मूळ रहिवाशांसाठी नाहुआत्लला अधिकृत दर्जा दिला. १५९६ मध्ये सल्लागार म्हणाले, सगळ्यांना कास्तेयानो सक्तीचं करा, तर त्याने नकार दिला. ज्यांना स्वखुशीने शिकायचंय त्यांच्यासाठी शिक्षक ठेवा, म्हणाला. सक्तीची भाषा आली १७७० मध्ये, तिसऱ्या कार्लोसच्या फर्मानात. तिथे सरळ लिहिलंय की वेगवेगळ्या स्थानिक भाषा एकदाच्या नाहीशा व्हाव्यात.

शेवटची_लोकल | मंगळवार, सकाळी ८:०५

मान्य, कोलंबसचं वाक्य मागे घेतो. लिहिताना मोह झाला. १७७० चं फर्मान मला माहीत नव्हतं.

फाटकी_छत्री | मंगळवार, सकाळी ९:३०

प्रत्येक गोष्टीत राजकारण शोधायची सवय लागलीय. पन्नास कोटी लोकांची भाषा आहे, व्यापार आहे, नोकऱ्या आहेत, लोक शिकतात. विषय संपला. इंग्रजी आपण काय कटात सामील होऊन शिकलो का? तुम्हाला कंपनीने पैसे दिले असतील क्लासचे, ते सांगा आधी.

शेवटची_लोकल | मंगळवार, सकाळी ९:४४

निम्मे दिले. :)

टेक्सासची_सासुरवाशीण | मंगळवार, दुपारी १:२०

छत्रीदादा, आमच्या घरातलं राजकारण सांगते.

लेक नववीत आहे, शाळेत 'परदेशी भाषा' म्हणून स्पॅनिश. तिच्या वर्गातली निम्मी मुलं घरी स्पॅनिशच बोलतात. काहींच्या घराण्यात ही भाषा टेक्सास अमेरिकेत येण्याआधीपासून आहे! १८३६ पर्यंत हा मेक्सिकोचा मुलूख, १८४५ ला अमेरिकेत आला. तरी त्या पोरांच्या प्रगतिपुस्तकात विषयाचं नाव 'परदेशी भाषा'. आणि मार्क जास्त कोणाला, तर आमच्या कन्यारत्नाला, कारण ती पुस्तकातलं 'कोचे' लिहिते. तिच्या मैत्रिणीने मोटारीला घरचा शब्द 'कार्रो' लिहिला म्हणून बाईंनी लाल रेघ मारली. आजीकडून आलेला शब्द चूक आणि पुस्तकातला बरोबर. लेक घरी येऊन म्हणाली, आई, हे म्हणजे मला मराठीच्या पेपरात 'आज्जी'ला शून्य मिळण्यासारखं आहे.

आता जुनं. १९१८ मध्ये टेक्सासने कायदा केला की शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं हा गुन्हा. पुढची पन्नास वर्षं मेक्सिकन वंशाच्या मुलांना मैदानात स्पॅनिश बोलल्याबद्दल फटके, दंड, शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणं, सगळं झालं. माझ्या शेजारच्या आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांनी स्वतःच्या मुलांना स्पॅनिश शिकवलीच नाही. "माझ्या तळहाताला आठवतंय", एवढंच म्हणतात. आता नातू पैसे भरून ॲपवर शिकतोय.

मार्फा गावात ब्लॅकवेल नावाची शाळा होती, फक्त मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी. १९५४ मध्ये तिथे शिक्षकांनी मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश लिहून घेतलं, त्या चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून 'मिस्टर स्पॅनिश'चं दफन केलं. मुलांना रांगेत उभं करून. २००७ मध्ये तीच मुलं, आता म्हातारी झालेली, परत जमली आणि त्यांनी प्रतीकात्मक उत्खनन करून भाषा वर काढली. शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

ज्या काळात हे चाललं होतं त्याच काळात देशभरच्या हायस्कुलांत गोरी मुलं स्पॅनिश हा विषय घेऊन मार्क मिळवत होती. तेव्हा 'लोक शिकतात, विषय संपला' असं नाही हो. कोण शिकतं यावर अवलंबून आहे.

पिंपळपान | मंगळवार, दुपारी १:५८

दफन?! पोरांकडून?
निःशब्द.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, रात्री १०:१०

सासुरवाशीण यांच्या प्रतिसादाला पुरवणी. गोरी मुलं एकदम स्पॅनिशकडे का वळली, तेही पाहण्यासारखं आहे. व्यापार वगैरे नंतर. आधी जर्मन मेली.

१९१५ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांत शंभरातली सुमारे २४ मुलं जर्मन शिकत होती आणि स्पॅनिश तीनसुद्धा नाहीत. पहिलं महायुद्ध आलं, जर्मन ही शत्रूची भाषा झाली, राज्याराज्यांनी बंदी घातली. १९२२ मध्ये जर्मन शंभरात एकसुद्धा नाही आणि स्पॅनिश ११. सात वर्षांत! मुलांची आवड अशी बदलत नसते. रिकाम्या झालेल्या बाकांवर स्पॅनिश बसवली गेली. नेमक्या १९१७ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली त्याच साली, स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली. पहिला अध्यक्ष लॉरेन्स विल्किन्स न्यूयॉर्कच्या हायस्कुलांतल्या आधुनिक भाषांचा प्रमुख होता आणि जर्मनचा कट्टर विरोधक. पनामा कालवा १९१४ ला खुला झालाच होता, युरोपचा माल दक्षिण अमेरिकेत जाणं थांबलं होतं. तेव्हा पालकांना सांगायला 'उद्याची व्यापारी भाषा' हे कारण तयार होतं.

आणि शिकवायचं ते स्पेनचं. न्यूयॉर्कच्या दाराशी पोर्तो रिको, टेक्सासमध्ये मेक्सिकन, पण वर्गात धन्यवादाला 'ग्रासियास' नाही, स्पेनचं 'ग्राथियास'. मजूर बोलतात ती भाषा विद्यापीठाला चालेना. 'डॉन किहोते'वाल्या सेर्वांतेसची हवी. विनोद असा की त्याच काळात पोर्तो रिकोतल्या मुलांना, जी स्पॅनिशच बोलत होती, अमेरिकन सरकार इंग्रजीतून शिकायला लावत होतं. तिथे शाळेची माध्यमभाषा म्हणून स्पॅनिश पक्की व्हायला १९४९ उजाडलं.

अवांतर: थॉमस जेफरसन म्हणायचा की युरोपला जाताना बोटीवर डॉन किहोते आणि एक व्याकरण घेऊन मी १९ दिवसांत स्पॅनिश शिकलो. जॉन क्विन्सी ॲडम्सने डायरीत ते नोंदवलं आणि पुढे लिहिलं की जेफरसनसाहेब मोठमोठ्या गोष्टी सांगतात. ॲपवाल्या नातवाला हे सांगा.

मनिला_मेल | बुधवार, सकाळी ७:१२

कामानिमित्त सहा वर्षं मनिलात काढली, म्हणून लिहितो. स्पॅनिश शिकवण्याचं सगळ्यात उफराटं राजकारण फिलिपिन्समध्ये झालं.

स्पेनचं राज्य तिथे ३३३ वर्षं, १५६५ ते १८९८. एवढ्या काळात मेक्सिकोसारखा देश बोलायला लागायला हवा होता. पण लागला नाही, कारण राज्य चालवणाऱ्या पाद्रीमंडळींना लोकांनी स्पॅनिश शिकणं नकोच होतं. गावात सरकारची भाषा येणारा एकटा पाद्री असला की त्याचं वजन किती राहतं बघा. १८६३ मध्ये माद्रिदहून हुकूम आला की गावोगाव शाळा काढा आणि स्पॅनिश शिकवा. अंमलबजावणी आपल्याला माहीत आहे तशीच. तिथला राष्ट्रपुरुष होसे रिसालच्या १८९१ च्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' कादंबरीत एक धागा हाच आहे: विद्यार्थी कास्तेयानो शिकवणारी अकादमी काढायची परवानगी मागतात आणि त्यांना फिरवत फिरवत गारद केलं जातं. गुलाम लोक मालकाची भाषा मागतायत आणि मालक देत नाही! कारण भाषा आली की अर्ज लिहिता येतो, वर्तमानपत्र वाचता येतं. रिसालने कादंबऱ्या त्याच भाषेत लिहिल्या आणि १८९६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या.

मग अमेरिकन आले, १९०१ पासून जहाजं भरून शिक्षक आणले, आणि दोन पिढ्यांत इंग्रजी बसली. स्पेनने तीन शतकांत केलं नाही ते यांनी चाळीस वर्षांत केलं.

खरी गंमत पुढे. देश स्वतंत्र झाला १९४६ ला. आणि आता, स्पॅनिश बोलणारे मूठभर उरलेले असताना, संसदेने ती कॉलेजात सक्तीची केली! १९५२ च्या कायद्याने १२ युनिट (श्रेयांक), १९५७ च्या कायद्याने काही अभ्यासक्रमांना २४ युनिट. कारण दिलं की रिसाल आणि राष्ट्रपुरुष मुळातून वाचता यावेत. माझा तिथला घरमालक त्या काळात वकिली शिकला. "चोवीस युनिट" म्हटलं की अजून कपाळाला हात लावतो. चार सत्रं पाठांतर केलं, आता फक्त 'येशूच्या आईची प्रार्थना' येते म्हणतो. १९८७ च्या घटनेने सक्ती काढली. अरबी आणि स्पॅनिश ऐच्छिक म्हणून वाढवाव्यात असं वाक्य तेवढं ठेवलं.

आकडे मोजायला त्यांना स्पॅनिश लागतेच म्हणा. बाजारात भाव 'सिंको', 'दिएस' असेच चालतात.

फाटकी_छत्री | बुधवार, सकाळी १०:०१

बरं, फिलिपिन्सचा किस्सा भारी आहे. पण सध्याच्या काळात? सेर्वांतेस संस्था तर चित्रपट दाखवते, वाचनालय चालवते. दिल्लीत मी गेलो आहे, छान आहे.

उंटावरचा_शहाणा | बुधवार, रात्री ९:२५

छान आहेच. कोणी नाही म्हटलं? तिचा जन्म मात्र संसदेच्या कायद्याने, मार्च १९९१ मध्ये, फेलिपे गोन्सालेस पंतप्रधान असताना. पुढच्या वर्षी बार्सिलोना ऑलिंपिक, सेव्हिलचं जागतिक प्रदर्शन आणि कोलंबसची पाचशे वर्षं. फ्रँकोची हुकूमशाही संपून सोळा वर्षं झाली होती, देशाला जगात नवा चेहरा हवा होता. फ्रँकोच्या काळात हेच काम 'हिस्पानिदाद' (स्पॅनिशपण) या नावाखाली, मातृभूमी-धर्म-वंश या भाषेत चालायचं. आणि चांगले भाषातज्ज्ञ? ते निर्वासित. तोमास नावार्रो तोमास, स्पॅनिश ध्वनिशास्त्राचा बाप, राष्ट्रीय ग्रंथालयाचा प्रमुख, १९३९ च्या जानेवारीत कवी मचादोबरोबर सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेला आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागला. सालिनास, गियेन हे कवीही अमेरिकन विद्यार्थ्यांना शिकवत राहिले. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांची स्पॅनिश या हद्दपार लोकांच्या तोंडची आहे. हे माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात सुंदर प्रकरण, पण कोणी सांगत नाही.

आणि 'सध्याचा काळ' हवाय तर घ्या. २००१ मध्ये सेर्वांतेस पुरस्काराच्या भाषणात राजा हुआन कार्लोस म्हणाला की आमची भाषा लादण्याची कधीच नव्हती, भेटीगाठीची होती. स्वतःची वेगळी भाषा असलेल्या स्पेनच्या कातालोनिया प्रांतात गदारोळ झाला, कारण फ्रँकोच्या शाळा आठवणारे लोक जिवंत होते. मला मात्र वर दिलेलं १७७० चं फर्मान आठवतं. ते काढणारा तिसरा कार्लोस हा याच राजाचा पूर्वज. घरच्या कागदपत्रांकडे तरी बघायचं.

लालबावटा_निवृत्त | बुधवार, रात्री ११:०३

सगळे माद्रिद आणि वॉशिंग्टनमध्येच फिरताय. दुसऱ्या बाजूलाही शाळा होत्या.

१९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातून वाचवायला सुमारे तीन हजार स्पॅनिश मुलं सोव्हिएत संघात पाठवली. फ्रँकोविरोधी बाजू युद्ध हरली, मुलं तेव्हा परतली नाहीत. मोठी होऊन त्यातली कित्येक मॉस्कोत स्पॅनिशची शिक्षक आणि अनुवादक झाली. क्युबात क्रांती झाल्यावर रशियन तंत्रज्ञांना दुभाषे हवे होते, तेव्हा यातलेच शेकडो हवानाला गेले. स्पेनच्या अस्तुरियासचं पोर, मॉस्कोचं शिक्षण, क्युबाची नोकरी. लोकवाङ्मय गृहात आपण जी स्वस्त सोव्हिएत पुस्तकं घ्यायचो, त्यांची स्पॅनिश भावंडं अशाच लोकांच्या हातून गेली. चीननेही १९५२ च्या बीजिंग शांतता परिषदेत लॅटिन अमेरिकेचे पाहुणे आले आणि दुभाषे मिळेनात, तेव्हा त्याच साली स्पॅनिश शिकवायला सुरुवात केली. पुढे क्युबाने अंगोला, मोझांबिकच्या हजारो मुलांना आपल्या बेटावर आणून स्पॅनिशमधून शिकवलं.

साओपावलोची_सई | गुरुवार, पहाटे ४:३०

(इथे संध्याकाळ आहे, घुबड नाही मी.)

ब्राझील राहिलं. बहुतेक शेजारी स्पॅनिश बोलणारे, ब्राझील पोर्तुगीज. २००५ मध्ये लुला सरकारने कायदा केला की प्रत्येक माध्यमिक शाळेने स्पॅनिश उपलब्ध करून दिलीच पाहिजे. दक्षिण अमेरिकेची एकजूट हे कारण. त्याच वेळी स्पॅनिश बँका आणि टेलिफोन कंपन्या इथे मोठ्या झाल्या होत्या, तेव्हा स्पेनलाही आनंद. मग प्रश्न आला, हजारो शिक्षक कोण तयार करणार? स्पेनकडून झटपट ऑनलाइन प्रशिक्षणाचे प्रस्ताव आले तेव्हा इथल्या विद्यापीठांतले प्राध्यापक चिडले. आमच्याकडे पदवीचे वर्ग आहेत आणि शेजारी अर्जेंटिना आहे, शिक्षक तुम्ही का घडवणार, असं भांडण. माझी सासू तेव्हा चाळिशीत नव्याने बी.ए. करून स्पॅनिश शिक्षिका झाली.

२०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष दिल्मा गेल्या, तेमेर आले. २०१७ च्या कायद्याने इंग्रजी एकटी सक्तीची आणि स्पॅनिशचा कायदा रद्द. सासूचे तास निम्म्यावर. 'स्पॅनिश राहू द्या' अशी चळवळ उभी राहिली, काही राज्यांत यश आलं. २०२४ मध्ये पुन्हा संसदेत झुंज झाली आणि स्पॅनिश ऐच्छिकच राहिली. सासूबाई आता इंग्रजीचा क्लास लावतायत.

पिंपळपान | गुरुवार, सकाळी ८:४०

आपल्याकडेही मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, म्हणजे असईच्या लढाईनंतर दोनच वर्षांनी. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजमध्ये वैजनाथ शर्मा पंडितांना हाताशी धरून. कंपनीला आपली भाषा लागली ती काही ओव्यांसाठी नाही. आणि २०२० च्या शिक्षण धोरणात परदेशी भाषांच्या यादीत स्पॅनिश आहे, पण २०१९ च्या मसुद्यातली चिनी गायब आहे. जर्मन-स्पॅनिशचंच वळण.

फाटकी_छत्री | गुरुवार, सकाळी ९:१५

हे पटलं. शब्द मागे घेतो. निम्मे.

शेवटची_लोकल | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. आता एक व्यवहारी प्रश्न. नोव्हेंबरात देलेची पहिली पातळी देतोय. बोसोत्रोस वापरू का उस्तेदेस? मार्क जातील का?

टेक्सासची_सासुरवाशीण | गुरुवार, रात्री ११:०२

लिहिताना-बोलताना उस्तेदेस चालतं, कुठल्याही देशाची प्रमाण पद्धत चालते. फक्त धेडगुजरी करू नका, एक धरलं की शेवटपर्यंत तेच. ऐकण्याच्या भागात मात्र स्पेनचे आवाजही येऊ शकतात, तेव्हा कानाला बोसोत्रोस माहीत असू दे. आणि मोटारीला हवं ते म्हणा, लाल रेघ मारली तर मला सांगा.